कोतवाल बुकातून सुटलेली माणसे

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. माझ्या वर्गातला एक विद्यार्थी तास संपल्यावर कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे आला. जातपडताळणीसाठी त्याला पणजोबांच्या घरातील जुनी नोंद हवी होती आणि ती शोधण्यासाठी त्याने कोतवाल बुकाची नक्कल काढली होती. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कोतवाल बुक म्हणजे काय, हे बहुतेक वाचकांना सांगावे लागणार नाही. गावातील जन्म आणि मृत्यू ज्या वहीत लिहिले जात, ती ही जुनी वही. त्या नकलेत पोराला हवी ती नोंद सापडली होती. पण तो आला होता दुसऱ्याच कामासाठी. त्याची आजी नेहमी सांगे, ‘‘माह्या मायच्या अगुदर दोन लेकरं गेली म्हने मानमोडीत. एक पोरगा, एक पोरगी.’’ १९१८ च्या त्या पानांवर पोराच्या मृत्यूची नोंद होती, कारणाच्या रकान्यात ‘ताप’ असे लिहिलेले होते. पोरीची नोंद मात्र नव्हती. तिच्या मृत्यूचीही नाही आणि मागची पाने चाळली तर जन्माचीही नाही.

‘‘सर, पुस्तक खरं की आजी खरी?’’ त्याने विचारले.

वाचकहो, प्रश्न साधा दिसतो, पण इतिहासाच्या अभ्यासातला हा एक मोठा प्रश्न आहे. राजेरजवाड्यांच्या इतिहासात एका बखरीला दुसऱ्या बखरीचा पडताळा घेण्याची आपल्याला सवय असते. सामान्य माणसांच्या इतिहासात, म्हणजे किती जन्मली, किती गेली, किती गाव सोडून गेली या इतिहासात, आपण सरकारी आकडा आला की हात जोडून गप्प बसतो. छापलेला आकडा हीदेखील एक साक्षच आहे आणि साक्षीदाराची उलटतपासणी करायची असते. ती कशी करतात, याची रीत गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत बरीच प्रगत झाली आहे. ती आपल्याच जिल्ह्याच्या उदाहरणाने आज आपण पाहू.

प्रथम मोजणीचा इतिहास. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला आणि वऱ्हाडची पहिली शिरगणती १८६७ साली झाली. त्या वेळी सगळ्या वऱ्हाडची वस्ती सुमारे बावीस लाख भरली. पुढे १७ फेब्रुवारी १८८१ रोजी साऱ्या हिंदुस्थानात एकाच वेळी जनगणना झाली. तेव्हापासून दर दहा वर्षांनी ती होत आली. १८८१ साली वऱ्हाडात २६,७२,६७३ माणसे होती, १८९१ साली २८,९७,४९१ आणि १९०१ साली २७,५४,०१६. हे तीन आकडे लक्षात ठेवा, त्यांच्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

आता यवतमाळकडे वळू. १९०१ साली यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या किती होती? एका ग्रंथात ४,६६,९२९ सापडते, तर दुसऱ्यात ५,७५,९५७. विद्यार्थी गोंधळतो आणि एक आकडा छापखान्याची चूक समजून सोडून देतो. वास्तविक दोन्ही आकडे बरोबर आहेत. १९०१ साली यवतमाळ जिल्हा या नावाचा जिल्हाच नव्हता. होता तो वणी जिल्हा, आणि त्यात यवतमाळ, दारव्हा, केळापूर व वणी असे चार तालुके होते. १९०५ साली वऱ्हाडच्या सहा जिल्ह्यांचे चार करण्यात आले. वाशीम जिल्हा मोडला, त्यातला पुसद तालुका आपल्याकडे आला आणि जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले. दोन्ही आकड्यांतला फरक १,०९,०२८ चा आहे. ती सारी पुसद तालुक्यातली माणसे. कोणी जन्मले नाही, कोणी बैलगाडी जुंपून आले नाही, नकाशावर एक रेघ सरकली आणि जिल्ह्यात लाखावर माणसे वाढली!

म्हणून लोकसंख्येचा इतिहास लिहिणाराचा पहिला नियम असा की, आधी सीमा पक्की करा. ज्या भूभागाची तुलना करायची, तो सर्व वर्षी एकच असला पाहिजे. जिल्ह्याची सीमा हलत असेल तर तिच्याहून मोठा, न हलणारा प्रदेश घ्यावा. पुसद वाशिमात असो की यवतमाळात, ते वऱ्हाडातच राहते. सगळा वऱ्हाड एकत्र घेतला की जिल्ह्याजिल्ह्यांतली ही उचलाउचल आपोआप निकाली निघते.

आता मघाचे तीन आकडे काढा. १८८१ ते १८९१ या दहा वर्षांत वऱ्हाडची वस्ती २,२४,८१८ ने वाढली, म्हणजे शेकडा ८.४. पुढच्या दहा वर्षांत ती १,४३,४७५ ने घटली. मध्ये काय घडले, हे आपल्याला ठाऊक आहे. १८९६-९७ चा दुष्काळ आणि त्याच्यापाठोपाठ १८९९-१९०० चा त्याहून भयंकर दुष्काळ. साधा माणूस म्हणेल, दुष्काळात दीड लाखाच्या आत माणसे गेली. पण हिशेब तेथे संपत नाही. दुष्काळ पडलाच नसता आणि आधीच्याच गतीने वाढ झाली असती, तर १९०१ साली वऱ्हाडात सुमारे ३१ लाख ४१ हजार माणसे असती. होती २७ लाख ५४ हजार. म्हणजे तूट सुमारे ३ लाख ८७ हजारांची.

मग चार लाखांच्या जवळपास माणसे मेली असे म्हणायचे का? तसेही नाही. ही तूट तीन वाटांनी येते. काही माणसे मेली, काही वऱ्हाड सोडून गेली किंवा यायची होती ती आली नाहीत, आणि काही जन्मलीच नाहीत. ही तिसरी वाट आपल्या सहज ध्यानात येत नाही. उपासमार सुरू झाली की शरीर खंगते, लग्ने पुढे ढकलली जातात, कमावता पुरुष खडी फोडायला दूरच्या कामावर जातो, आणि नऊ-दहा महिन्यांनी पाळणे रिकामे राहतात. तेव्हा आकड्यांचा मूळ ताळा असा मांडावा लागतो: आजची वस्ती म्हणजे कालची वस्ती, अधिक जन्म, उणे मृत्यू, अधिक आलेले, उणे गेलेले. वाण्याच्या खतावणीसारखा हा हिशेब आहे. चारही रकमा खऱ्या असतील तर शेवटची बाकी जुळते. जुळली नाही तर कुठल्या तरी रकमेत खोट आहे.

याच काळात आपल्या वणी जिल्ह्याचे काय झाले, तेही पाहा. १८८१ साली तेथे ३,९२,१०२ माणसे होती आणि वीस वर्षांनी, जुन्याच सीमेत, ४,६६,९२९. वाढ ७४,८२७. त्याच वीस वर्षांत सगळ्या वऱ्हाडची वाढ ८१,३४३. म्हणजे बाकीचे पाच जिल्हे मिळून जवळजवळ जागच्या जागी राहिले आणि वाढ दिसली ती वणीत! येथले पाणी काही अमृताचे नव्हते. वणी जिल्हा विरळ वस्तीचा होता. १९०१ साली चौरस मैलामागे साऱ्या वऱ्हाडात सुमारे १५५ माणसे, तर वणीत सुमारे ११९. कापसाला भाव आणि जमीन मोकळी, तर माणूस तिकडे सरकणारच, हे आपले अनुमान. अनुमान तपासायचे तर जनगणनेत ‘जन्म कोणत्या जिल्ह्यात झाला’ याचे जे कोष्टक असते ते उघडावे. जन्म-मृत्यूने वाढलेली वस्ती आणि येण्याजाण्याने वाढलेली वस्ती यांत फरक केल्याशिवाय एका जिल्ह्याला निरोगी आणि दुसऱ्याला रोगट म्हणू नये.

जनगणना दहा वर्षांतून एकदा येते. मधल्या दहा वर्षांत काय घडले, हे सांगणारा दुसरा साक्षीदार म्हणजे आपले कोतवाल बुक. वऱ्हाडातल्या या व्यवस्थेचे वैशिष्ट्य असे की, नोंदीची जबाबदारी गावच्या पाटलावर होती. गावात कोणाच्या घरी पाळणा हलला, कोणाची तिरडी उठली, हे पाटलाला कळत असे. खबर आणायला कोतवाल असे. पाटील लिहिणारा असला तर वही नेटकी, नसला तर दुसऱ्याच्या हाताने लिहिलेली. महिनेवार, गाववार लिहिलेली ही माहिती ठाण्यावर जाई, तेथून जिल्ह्याला आणि पुढे प्रांताच्या अहवालात छापली जाई. त्या काळच्या हिंदुस्थानात इतक्या बऱ्या नोंदी ठेवणारे प्रदेश थोडे होते आणि वऱ्हाड त्यांपैकी एक होता.

म्हणूनच लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील अभ्यासक टिम डायसन यांनी भारताच्या ऐतिहासिक लोकसंख्याशास्त्रावर १९८९ साली जो ग्रंथ संपादित केला, त्यात १८८१ ते १९८० या शंभर वर्षांतील वऱ्हाडच्या लोकसंख्येवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. आपल्या आजा-पणजांच्या जन्ममरणाच्या वह्या जगाच्या विद्वत्तेत जाऊन बसल्या आणि आपल्याला त्यांची आठवण होते ती जातीच्या दाखल्यापुरती! अशा महिनेवार नोंदींतूनच भारतीय दुष्काळांची काही लक्षणे पुढे कळली. मृत्यूंचा कळस पुष्कळदा उपासमारीच्या ऐन उन्हाळ्यात येत नाही. पाऊस पडून पीक उभे राहू लागले की हिवतापाची साथ येते आणि खंगलेली शरीरे तिला बळी पडतात. जन्म घटतात ते मृत्यू वाढण्याच्याही आधी सुरू झालेल्या हलाखीमुळे. आणि दुष्काळात स्त्रियांपेक्षा पुरुषांच्या मृत्यूचे प्रमाण अधिक वाढते. ही शेवटची गोष्ट ऐकून आपल्याला आश्चर्य वाटेल. पण एकामागून एक दुष्काळांच्या नोंदींत ती आढळली आहे.

आता या साक्षीदाराचे दोष पाहू, कारण आपल्या विद्यार्थ्याचे उत्तर त्यातच आहे. कोतवाल बुकात मृत्यूचे कारण लिहिलेले असते, पण पटकी, देवी, साप चावणे अशी ठळक कारणे सोडली तर उरलेले सगळे ‘ताप’ या एका शब्दात जात. हिवताप, विषमज्वर, फुप्फुसाचा दाह, बाळंतरोग, सगळ्यांना तापच. हा झाला लहान दोष. मोठा दोष म्हणजे गळती. जे मूल जन्मून आठ-पंधरा दिवसांत गेले, ते दोन्ही पानांवरून गळते. जन्माच्याही आणि मृत्यूच्याही. मुलगी असली तर अधिक. गावापासून दूर असलेले कोलामांचे पोड, बंजाऱ्यांचा तांडा, मजुरीसाठी आलेल्यांचे पाल, येथली खबर पाटलापर्यंत उशिरा पोचे किंवा पोचतच नसे.

आणि सर्वांत मोठी गळती कधी होते? संकट सर्वांत मोठे असते तेव्हा. १९१८ साली पावसाने दगा दिला होता. त्याच वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस इन्फ्लुएंझाची ती साथ आली, जिला आपल्याकडे मानमोडी म्हणतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास तिने गावेच्या गावे अंथरुणाला खिळवली. मध्यप्रांत आणि वऱ्हाड हा सर्वांत जास्त मार बसलेल्या प्रांतांपैकी एक. अशा दिवसांत नोंद कोण करणार? पाटील तापाने फणफणलेला, कोतवालाच्या घरात दोन प्रेते, ठाण्यावरचा कारकून रजेवर. जी वही एरवी दहातले आठ मृत्यू टिपत असेल, ती नेमकी त्या दोन महिन्यांत किती टिपेल?

यामुळे मानमोडीने देशात किती माणसे नेली, याचा आकडा शंभर वर्षे बदलत राहिला आहे. १९१९ साली सरकारी अंदाज सुमारे ६० लाखांचा होता. १९२१ च्या जनगणनेच्या वेळी नोंदींतील गळती ध्यानात घेऊन तो सव्वा कोटीच्या घरात गेला. पुढे १९५१ साली किंग्ज्ली डेव्हिस यांनी भारत-पाकिस्तानच्या लोकसंख्येवरील ग्रंथात तो पावणेदोन-दोन कोटींच्या आसपास नेला. १९८६ साली इयान मिल्स यांनी १ कोटी ७० ते ८० लाख असे अनुमान काढले. २०१२ साली सिद्धार्थ चंद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिल्हावार आकडे घेऊन ब्रिटिश अमलाखालील जिल्ह्यांपुरते सुमारे १ कोटी ३९ लाख असे गणित मांडले. विचार करा, पहिल्या अंदाजात आणि मोठ्या अंदाजांत कोटीभर माणसांचा फरक आहे. एका जिल्ह्यातल्या एका पोरीची नोंद नसावी, यात मग नवल ते काय?

हे नंतरचे अभ्यासक नोंद नसलेली माणसे मोजतात तरी कशी? यातली एक रीत मी आपल्याला पाटीवरच्या हिशेबाने सांगतो. कलकत्त्याजवळच्या सिंगूर भागात १९४७ साली घेतलेल्या पाहणीवरून सी. चंद्रशेखरन आणि अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्‌स डेमिंग यांनी ती १९४९ साली मांडली.

समजा, एका गावाच्या वहीत वर्षाचे ८० जन्म आहेत. आता दुसरा माणूस त्या गावात पाठवा. त्याने वही पाहायची नाही, घरोघर जाऊन स्वतः विचारायचे. त्याला ७५ जन्म सापडले. मग दोन्ही याद्या नावानिशी जुळवा. ६० नावे दोन्हीकडे निघाली. याचा अर्थ असा की, घरोघर फिरून सापडलेल्या ७५ मुलांपैकी वहीने ६० टिपली होती, म्हणजे पाचांतली चार. वही जर पाचांतली चार टिपते, तर तिच्यातले ८० हे एकूण जन्मांच्या चार-पंचमांश असले पाहिजेत. म्हणून गावात जन्म १०० झाले. दोन्ही याद्या मिळून वेगवेगळी नावे भरतात ९५. उरलेली पाच मुले कोणत्याही यादीत नाहीत, कोणी त्यांना पाहिले नाही, तरी ती होऊन गेली हे आपण हिशेबाने सांगू शकतो!

हा चमत्कार एका अटीवर चालतो. दोन्ही साक्षीदार एकमेकांना न विचारता बोलले पाहिजेत. दुसऱ्या माणसाने चावडीवर बसून पाटलाचीच वही उतरवून घेतली, तर दोन्ही याद्या शंभर टक्के जुळतील आणि गळती शून्य दिसेल. म्हणजे फार चांगली जुळणी हीच कधी कधी लबाडीची खूण ठरते. दुसरी अडचण अधिक दुःखाची आहे. जी झोपडी पाटलाच्या नजरेतून सुटते, तीच घरोघर फिरणाऱ्याच्याही नजरेतून सुटण्याचा संभव जास्त. कारण दूरचे पोड दोघांनाही दूरच. तसे असेल तर हिशेबाने निघालेला शंभरचा आकडाही खऱ्यापेक्षा कमीच असतो. गरिबाच्या बाबतीत गणितही जरा हात आखडता घेते, हे आपण ध्यानात ठेवावे.

माणसे मोजण्याइतकेच अवघड काम वय मोजण्याचे. जुन्या जनगणनेतील वयांचे कोष्टक पाहा. ३० वर्षांची माणसे पुष्कळ, ३१ ची फारच थोडी; ४० ची गर्दी, ४१ चा दुष्काळ. कारण उघड आहे. आपल्या म्हाताऱ्या माणसाला वय विचारा. तो म्हणेल, ‘‘असंन साठ.’’ शून्य आणि पाच या अंकांवर वये गोळा होतात. त्यावरूनही कोष्टकाची परीक्षा करता येते. २३ ते ६२ या वयांत शून्य किंवा पाच अखेरीस असलेली वये पाचात एक असायला हवीत. त्याहून जितकी जास्त, तितके कोष्टक कच्चे. कच्चे कोष्टक फेकून द्यायचे नसते, त्याला दुरुस्त करून वापरायचे असते. आपल्याकडच्या वृद्धांना साल आठवत नसे, पण प्रसंग आठवत. ‘मानमोडीच्या वर्षी मी रांगत होते’ असे एखादी म्हातारी म्हणाली, तर तिचे वय कोष्टकापेक्षा नेमके कळले. म्हणून चांगले पाहणीदार त्या त्या भागातील दुष्काळ, पूर, साथी यांची यादी जवळ बाळगतात.

वय बऱ्यापैकी हाती आले की एका पिढीचा माग काढता येतो. १९११ साली जी मुले दहा वर्षांच्या आत होती, ती १९२१ साली दहा ते वीसची झाली. किती उरली ते पाहावे. मानमोडीने म्हाताऱ्यांपेक्षा ऐन विशी ते चाळिशीतली माणसे अधिक नेली, आणि आपल्या देशात पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक नेल्या. आया गेल्या, म्हणून १९१९ साली जन्मही घटले. त्या दोन-तीन वर्षांच्या मुलांची खाच पुढच्या प्रत्येक जनगणनेत दहा-दहा वर्षांनी वर सरकते. जखमेचा वण शरीर वाढले तरी राहतो, तसा लोकसंख्येच्या अंगावर हा वण राहतो. १९११ ते १९२१ या दशकात देशातील सरासरी आयुर्मान विशीच्या आसपास होते, असे जे सांगतात ते या हिशेबातूनच. त्याचा अर्थ सगळे विसाव्या वर्षी मरत असा नाही. फार मुले पाळण्यातच जात आणि त्यांनी सरासरी खाली ओढली होती.

पाळण्यातल्या मृत्यूंचीच एक युक्ती सांगून हा भाग पुरा करतो. विल्यम ब्रास नावाच्या ब्रिटिश गणितज्ञाने १९६० च्या दशकात दाखवून दिले की, बालमृत्यूचे प्रमाण काढायला जन्माची तारीखही लागत नाही आणि मृत्यूची नोंदही लागत नाही. आईला दोनच प्रश्न विचारा: तुम्हाला मुले किती झाली, आणि त्यांतली किती हयात आहेत? आईचे वय माहीत असले की, गेलेल्या मुलांच्या प्रमाणावरून किती मुले दोन, तीन वा पाच वर्षांच्या आत जातात ते काढता येते. आपल्या देशात १९८१ च्या जनगणनेत असे प्रश्न विचारले गेले आणि त्यावरून जिल्ह्याजिल्ह्यांचे बालमृत्यूचे अंदाज १९८८ साली प्रसिद्ध झाले. वहीत नसलेले मूल आईच्या स्मरणात असते, हे आपल्याला नेहमीच ठाऊक होते; त्याला शास्त्रात जागा मिळायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

हे शास्त्र परदेशातच वाढले असे समजू नका. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर आणि कुमुदिनी दांडेकर यांनी पुणे जिल्ह्यातील जन्म-मृत्यूंची पाहणी करून १९५३ साली ती प्रसिद्ध केली. १९५६ साली मुंबईत लोकसंख्याशास्त्राचे शिक्षण देणारी संस्था निघाली. आज तिचेच नाव आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था. देशात १९६९-७० पासून पूर्णपणे चालू झालेली नमुना नोंदणी पद्धतीही दोन वह्यांच्या तत्त्वावर उभी आहे. एक माणूस वर्षभर नोंदी करतो, दुसरा दर सहा महिन्यांनी स्वतंत्रपणे पाहणी करतो, आणि जुळत नाहीत त्या नोंदी पुन्हा दारात जाऊन तपासल्या जातात.

‘हे सगळे जुन्या काळचे. आता संगणक आले, आता कोण सुटतो?’ असे कोणी म्हणेल. २०११ च्या जनगणनेत यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २७,७२,३४८ भरली. त्या जनगणनेनंतर देशभर जी फेरतपासणी झाली, तीत हजारी सुमारे २३ माणसे मोजणीतून सुटल्याचे आढळले. हा दर देशाचा आहे, आपल्या जिल्ह्याचा नव्हे. पण उदाहरणापुरता तोच धरला तर यवतमाळात साठ हजारांहून अधिक माणसे निघतील. एका मोठ्या गावाएवढी नव्हे, एका चांगल्या शहराएवढी माणसे! ती कोण असतील? ऊसतोडीला गेलेला तांडा, वीटभट्टीवरचे जोडपे, पोडावरचे घर, नुकतेच जन्मलेले मूल. शाळा, दवाखाना, धान्य, पाण्याची टाकी, सगळे आकड्यावर ठरते. आकड्यातून सुटलेला माणूस या सगळ्यांतून सुटतो.

२०२१ साली व्हायची जनगणना महामारीमुळे लांबली आणि पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही तारीख २०२५ साली जाहीर झाली. या मोजणीच्या आकड्यांवरही पुढचे अभ्यासक प्रश्न विचारतील. मधल्या वर्षांतील महामारीत किती गेले, नोंदले किती गेले, हा प्रश्न मानमोडीच्याच प्रश्नाचा धाकटा भाऊ आहे. त्याचे उत्तर मिळायचे असेल तर दोन वह्या नीट हव्यात: एक सरकारची, दुसरी आपली.

आपली म्हणजे काय? मोजणारा दारात आला तर घरातले प्रत्येक माणूस सांगावे. बाहेरगावी मजुरीला गेलेल्याचे काय करायचे ते विचारून घ्यावे. पाळण्यातले मूल ‘त्याला काय मोजायचे’ म्हणून वगळू नये. शेजारच्या पोडावर गणक गेला की नाही, याची चौकशी गावातल्या शिकलेल्या पोराने करावी. जन्म आणि मृत्यूची नोंद तेव्हाच्या तेव्हा करावी. आणि घरात म्हातारे माणूस असेल, तर एक दिवस त्याच्याजवळ बसून विचारावे: तुला भावंडे किती होती? किती जगली? बाकीची कशाने गेली? ते लिहून ठेवावे. कोणाला उपयोग होईल, हे आज सांगता येणार नाही. वऱ्हाडच्या पाटलांनाही ते ठाऊक नव्हते.

त्या विद्यार्थ्याला मी काय सांगितले, हे राहिलेच. मी म्हटले, ‘‘पुस्तकाने खोटे लिहिलेले नाही, त्याने कमी लिहिले आहे. आजीची गोष्ट पुराव्याच्या कागदात चालणार नाही. पण ती दुसऱ्या वहीतली नोंद आहे आणि एका पोराच्या बाबतीत दोन्ही वह्या जुळल्या आहेत. म्हणजे दुसरी वहीही विश्वासाची आहे. तू ती लिहून काढ.’’

आठ दिवसांनी त्याने वहीचे एक पान आणून दाखवले. वर गावाचे नाव, खाली पणज्याच्या घरातील मुलांची यादी, आणि दुसऱ्या ओळीवर: ‘मुलगी. नाव कोणाला आठवत नाही. वय वर्षाच्या आतले. मानमोडीत वारली.’ सांगणाराच्या रकान्यात त्याने आजीचे नाव लिहिले होते आणि आजीने शेजारी अंगठा उठवला होता.